पांढरा उंदीर आणि माणसाची शिंक

एखाद्याला वांगे चालत नाही, एखाद्याला शेंगदाणा. आपण सहज म्हणून जातो, 'त्याला त्याचे वावडे आहे.' वाक्य साधे आहे, पण त्यात एक निर्णय लपलेला आहे. वांग्यात काही खोट नाही, शेंगदाण्यातही नाही. जी काही खोट आहे ती त्या माणसात. 'ॲलर्जी' हा शब्द आता खेडोपाडी रुळला आहे, पण तो वापरतानाही आपल्या मनात हाच निर्णय असतो.

हा निर्णय कितपत बरोबर आहे? त्याचे उत्तर शोधायला आपण एक काहीसे अनपेक्षित उदाहरण घेणार आहोत. ते म्हणजे पाळलेल्या उंदरांची ॲलर्जी. उंदीर हौसेने पाळणारे लोक आपल्याकडे थोडे. इंग्लंड-अमेरिकेत ते पुष्कळ आहेत. आणि प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणारे लोक तर जगभर आहेत, मुंबई-पुण्याच्या औषधनिर्माण महाविद्यालयांतही आहेत. उंदरापाशी बसल्यावर शिंका का येतात, हे नीट कळायला विज्ञानाला बराच काळ लागला. तो का लागला, हे समजून घेण्यासारखे आहे.

सुरुवातीलाच शब्दांचा एक घोळ दूर करू. मराठीत 'उंदीर' हा एकच शब्द दोन प्राण्यांना लावला जातो. इंग्रजीत ज्याला रॅट म्हणतात तो मोठा, पाव-अर्धा किलो वजनाचा. आणि ज्याला माऊस म्हणतात तो मूठभरही नसलेला. या लेखात 'उंदीर' म्हणजे पहिला, मोठा. दुसऱ्याला आपण 'लहान उंदीर' म्हणू.

गटारातून पिंजऱ्यात

आज घरात आणि प्रयोगशाळेत पाळला जाणारा उंदीर म्हणजे रॅटस नॉर्वेजिकस. नावात नॉर्वे असले तरी त्याचे मूळ घर तिथले नाही. तो उत्तर चीन-मंगोलियाच्या बाजूचा. अठराव्या शतकात तो युरोपभर पसरला. जॉन बर्कनहाउट या इंग्रज लेखकाने १७६९ मध्ये त्याला हे शास्त्रीय नाव दिले आणि चूक तशीच राहून गेली.

एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये उंदीर मारण्याच्या शर्यती लागत. एका रिंगणात उंदीर सोडायचे, त्यांच्यावर शिकारी कुत्रा सोडायचा आणि ठरावीक वेळात तो किती उंदीर मारतो यावर पैजा लावायच्या. या शर्यतींसाठी जिवंत उंदीर लागत, ते पुरवण्याचा धंदा उंदीर पकडणारे करीत. पकडलेल्या शेकडो उंदरांत एखादा पांढरा, एखादा ठिपक्यांचा निघे. असे उंदीर मारण्यापेक्षा वेगळे ठेवणे फायद्याचे होते. जॅक ब्लॅक हा त्या काळातला प्रसिद्ध उंदीरपकड्या. तो स्वतःला राणी व्हिक्टोरियाचा उंदीरपकड्या म्हणवून घेई. वेगळ्या रंगाचे उंदीर तो वाढवी, त्यांची पैदास करी आणि विकत असे. हे हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या गरीब कष्टकऱ्यांवर लिहिलेल्या ग्रंथामुळे आपल्याला माहीत आहे.

पुढे या हौसेला मान मिळाला. मुलांसाठी लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटर यांनी सॅमी नावाचा पांढरा उंदीर पाळला होता. १९०८ साली प्रसिद्ध झालेले आपले एक पुस्तक त्यांनी त्यालाच अर्पण केले. १९०१ साली मेरी डग्लस या बाईंच्या प्रयत्नांमुळे इंग्लंडमधील आयल्सबरी येथे लहान उंदरांच्या प्रदर्शनात मोठ्या उंदरांनाही जागा मिळाली. मधल्या काळात ही हौस मागे पडली. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये केवळ उंदीर पाळणाऱ्यांची संस्था स्थापन झाली आणि तिला पुन्हा जोर आला.

याच पाळीव पांढऱ्या उंदराने दुसरीकडे प्रयोगशाळेत प्रवेश केला होता. १८५६ साली फ्रान्समध्ये फिलिपो यांनी पांढऱ्या उंदरांवर अधिवृक्क ग्रंथी काढून टाकण्याचे प्रयोग केले. १९०६ मध्ये हेन्री डोनाल्डसन आपले पांढरे उंदीर घेऊन अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत आले. १९०९ पासून तिथे हेलन डीन किंग यांनी भावंडांचे आपसांत प्रजनन करून पिढ्यान् पिढ्या एकसारखे उंदीर तयार करण्याचे काम हाती घेतले. 'विस्टार' जातीचा उंदीर या संस्थेतला. आपल्याकडच्या प्राणिगृहांतही तो सर्रास आढळतो. १९१३ मध्ये 'अ' जीवनसत्त्वाचा शोध लागला तो मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी उंदरांना निरनिराळे अन्न घालून. आहारशास्त्र, औषधे, मानसशास्त्र अशा कितीतरी विषयांचा पाया या प्राण्याच्या पाठीवर रचला गेला.

उंदीर वाढले तसे त्यांचे पिंजरे वाढले, आणि ते पिंजरे रोज साफ करणारे हातही वाढले.

शिंकेचे कोडे

आता आपण थोडे मागे जाऊ आणि दुसरा धागा पकडू. जॉन बॉस्टॉक हे लंडनचे डॉक्टर. त्यांना दर उन्हाळ्यात डोळे चुरचुरणे, शिंका, छाती भरून येणे असा त्रास होई. १८१९ साली त्यांनी आपलीच ही हकीकत वैद्यकीय सभेपुढे मांडली. कारण मात्र त्यांना सापडले नाही. त्यांचा रोख उन्हाळ्याच्या उष्णतेवर होता.

कारण शोधले मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. त्यांनाही हाच त्रास होता. त्यांनी गवताचे परागकण स्वतःच्या नाकात घेऊन पाहिले, त्वचेवर ओरखडा काढून तिथे लावून पाहिले. तिथे गांध उठली, खाज सुटली. पण त्यांनी केलेली दुसरी गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या त्यांनी हवेत ठेवल्या आणि रोज त्यांवर पडलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. जास्त उंचीवरची हवा तपासण्यासाठी पतंगही वापरला. ज्या दिवसांत काचेवर कण जास्त, त्या दिवसांत त्रास जास्त. १८७३ मध्ये त्यांनी हे सर्व पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

इथे एक क्षण थांबू. ब्लॅकली यांच्या कामात दोन वेगळे प्रश्न आहेत. 'कोणाला त्रास होतो?' हा पहिला. त्याचे उत्तर माणसाच्या शरीरात शोधायचे. 'हवेत किती आहे?' हा दुसरा. त्याचे उत्तर हवेत शोधायचे. पुढच्या काळात विज्ञानाने पहिल्या प्रश्नाचा पाठपुरावा मोठ्या जोमाने केला.

१९०६ साली, म्हणजे डोनाल्डसन उंदीर घेऊन विस्टार संस्थेत आले त्याच वर्षी, व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द घडवला. 'ॲलॉस' म्हणजे दुसरे, वेगळे. 'एर्गॉन' म्हणजे कार्य. एकदा एखाद्या पदार्थाशी गाठ पडली की पुढच्या वेळी शरीर बदललेल्या रीतीने वागते, असे त्यांना म्हणायचे होते. हा बदल लाभाचाही असेल, त्रासाचाही असेल.

हा बदल राहतो कुठे? १९२१ मध्ये जर्मनीत प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर या दोघांनी एक धाडसी प्रयोग केला. क्यूस्टनर यांना माशांची ॲलर्जी होती, प्राउस्निट्झ यांना नव्हती. क्यूस्टनर यांच्या रक्तातील सीरम प्राउस्निट्झ यांच्या त्वचेत टोचले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांध उठली! म्हणजे ॲलर्जी रक्तातून दुसऱ्याला देता येत होती. रक्तातील हा पदार्थ कोणता, हे कळायला आणखी ४५ वर्षे गेली. १९६६ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या पती-पत्नींनी, आणि त्याच सुमारास स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक यांनी तो ओळखला. १९६८ मध्ये त्या प्रतिपिंडाला 'इम्युनोग्लोब्युलिन ई', थोडक्यात 'आयजीई' असे नाव मिळाले.

आयजीईचे काम थोडक्यात असे. एखादे परके प्रथिन श्वासावाटे वारंवार आत गेले की काही जणांचे शरीर त्याच्याविरुद्ध आयजीई तयार करते. हे प्रतिपिंड नाक, श्वासनलिका, त्वचा इथल्या मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात. तोपर्यंत त्या माणसाला काहीच जाणवत नाही. पुढे तेच प्रथिन पुन्हा आले की ते या प्रतिपिंडांना जाऊन भिडते, पेशीतून हिस्टॅमिन आणि इतर रसायने बाहेर पडतात, आणि शिंका, खाज, गांधी, धाप सुरू होते. म्हणूनच उंदरांमध्ये काम करणारा माणूस पहिले काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षेही, ठणठणीत असतो आणि नंतर त्याला त्रास सुरू होतो. 'इतके दिवस नव्हते, आताच कसे झाले?' या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

केस निर्दोष ठरतात

उंदरांमुळे होणाऱ्या त्रासाच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत विसाव्या शतकाच्या मध्याला येऊ लागल्या. लहान उंदराच्या ॲलर्जीचा एक रुग्णवृत्तान्त १९५७ मध्ये छापून आला. १९६१ मध्ये प्रयोगशाळेतील प्राण्यांमुळे ॲलर्जी झालेल्या दहा जणांची माहिती रायका यांनी प्रसिद्ध केली. म्हणजे पांढऱ्या उंदराचा प्रयोगशाळेत प्रवेश झाल्याला तेव्हा शंभर वर्षे उलटून गेली होती.

एवढा वेळ लागण्याचे एक कारण आपण तर्काने काढू शकतो. ज्याला फार त्रास होतो तो काम सोडून जातो. ज्याला होत नाही तो टिकतो. दहा वर्षांनी त्या प्राणिगृहात गेलो तर सगळे सुदृढ लोक दिसतात, आणि आपण म्हणतो, 'इथे तर कोणालाच काही होत नाही.' रोगांच्या साथींचा अभ्यास करणाऱ्यांना हा चकवा चांगला परिचयाचा आहे. कोणत्याही कारखान्याची पाहणी करताना आज तिथे कोण आहे एवढेच पाहून चालत नाही. कोण निघून गेले तेही विचारावे लागते.

दुसरे कारण अधिक शास्त्रीय होते. प्राण्याची ॲलर्जी म्हटले की नजर जाते ती केसांवर आणि कोंड्यावर. मांजर, कुत्रा, घोडा यांच्याबद्दल असेच समजले जाई. डॉक्टर त्वचेची चाचणी करत तीही प्राण्याच्या केसांचा आणि कातडीचा अर्क घेऊन. चाचणी बऱ्याचदा सकारात्मक येई, म्हणजे केसांवरचा आरोप सिद्ध झाला असे वाटे. पण उंदीर दिवसातून अनेकदा स्वतःला चाटून साफ करतो, ओल्या भुशात लोळतो. त्याच्या केसांवर लाळ आणि मूत्र लागलेले असतेच. मग अर्कात नेमके काय होते?

या प्रश्नाचे उत्तर लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयाशी जोडलेल्या संशोधकांनी दिले. जॅक पेपीस हे व्यवसायांमुळे होणाऱ्या दम्याच्या अभ्यासातले मोठे नाव. संशयित पदार्थ रुग्णाला देखरेखीखाली थोडासा हुंगायला देऊन श्वासावर काय परिणाम होतो ते मोजायचे, ही पद्धत त्यांनी रुजवली. १९७७ मध्ये न्यूमन टेलर, लाँगबॉटम आणि पेपीस यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. उंदीर आणि लहान उंदीर यांच्यामुळे दम्याचा त्रास होणाऱ्यांची खरी ॲलर्जी या प्राण्यांच्या मूत्रातील प्रथिनांशी होती.

आरोग्यशास्त्र शिकवणाऱ्यांना इथे शंका येईल. मूत्रात प्रथिन? माणसाच्या मूत्रात प्रथिन दिसू लागले की डॉक्टर मूत्रपिंडाच्या तपासण्या करायला सांगतात. उंदराचे तसे नाही. निरोगी उंदराच्या मूत्रातही प्रथिने असतात. त्यांतील मुख्य प्रथिन रॉय आणि नॉयहाउस यांनी १९६६ मध्येच, ॲलर्जीचा विचारही मनात नसताना, वेगळे ओळखले होते. त्याचे नाव 'अल्फा-२-यू-ग्लोब्युलिन'. ॲलर्जीच्या यादीत ते 'रॅट एन १' म्हणून नोंदले जाते. ते वयात आलेल्या नराच्या यकृतात नर-संप्रेरकांच्या प्रभावाखाली भरपूर तयार होते, रक्तातून मूत्रपिंडात जाते आणि मूत्रावाटे बाहेर पडते.

हे प्रथिन निसर्गाने कशासाठी ठेवले असावे? त्याची घडण एखाद्या लहान पेल्यासारखी असते आणि त्या पेल्यात चटकन उडून जाणारे गंधरेणू बसतात. मूत्र वाळले तरी गंध हळूहळू सुटत राहतो. 'इथे मी राहतो' अशी ती उंदराची पाटीच म्हणा ना. अशा पेल्यासारख्या प्रथिनांच्या कुळाला 'लिपोकॅलिन' म्हणतात. घोडा, कुत्रा, गाय आणि लहान उंदीर यांची प्रमुख ॲलर्जीकारक प्रथिने याच कुळातली निघाली. मांजर मात्र वेगळे. तिचे मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन दुसऱ्या कुळातले आहे.

मूत्र हे उगमस्थान कळल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. बिनकेसाचे उंदीरही पाळले जातात. केसच नाहीत तर ॲलर्जी कसली, असे काहींना वाटते. पण बिनकेसाचा उंदीरही मूत्र टाकतोच, त्यामुळे तो सुरक्षित नाही. पाळलेला उंदीर मालकाच्या हातावर फिरला की कधी कधी त्याच्या पावलांच्या वाटेवर गांधी उठतात. उंदीर चालताना मूत्राचे बारीक थेंब टाकत जातो, नखांनी बारीक ओरखडे काढत जातो. ब्लॅकली यांनी स्वतःच्या हातावर जे केले तेच हा प्राणी नकळत करत असतो. क्वचित उंदीर चावल्यावर लाळेतील प्रथिनांमुळे सबंध अंगावर गंभीर प्रतिक्रिया उमटल्याचीही उदाहरणे आहेत.

हवेची मोजणी

मूत्रातले प्रथिन नाकापर्यंत पोचते कसे? मूत्र पिंजऱ्यातल्या भुशात मुरते, वाळते. उंदीर हिंडला, भुसा हलला, पिंजरा झटकला की त्याची बारीक धूळ उडते. त्यातले काही कण इतके लहान असतात की ते हवेत बराच वेळ तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर खोल फुप्फुसात जातात.

आता ब्लॅकली यांचा दुसरा प्रश्न पुन्हा पुढे आला : हवेत किती आहे? या वेळी काचपट्टीऐवजी हवा खेचणारे पंप आणि गाळणकागद होते, आणि त्यावर साचलेले 'रॅट एन १' प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजता येत होते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एगल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये निरनिराळी कामे चालू असताना हवेतले प्रमाण मोजले. सर्वांत जास्त प्रमाण आढळले ते पिंजरे साफ करताना. उंदरांवर शस्त्रक्रिया करताना ते कितीतरी कमी होते.

या निष्कर्षाकडे आपण जरा वेगळ्या नजरेने पाहू. शस्त्रक्रिया कोण करतो? संशोधक. शोधनिबंधावर नाव त्याचे येते. पिंजरे कोण साफ करतो? प्राणिगृहातला सेवक. त्याचे नाव निबंधात कुठे नसते, पण धुळीचा मोठा वाटा त्याच्या छातीत जातो. एकाच खोलीत, एकाच प्राण्यापाशी काम करणाऱ्या दोघांच्या वाट्याला वेगवेगळी हवा येते. मग 'त्याला उंदराचे वावडे आहे' एवढे म्हणून भागेल का?

इंग्लंडमध्ये १९८२ साली व्यवसायजन्य दम्याला भरपाई मिळू शकणाऱ्या आजारांच्या यादीत स्थान मिळाले. त्या वेळी दम्याची जी कारणे मान्य झाली त्यांत संशोधनासाठी व शिक्षणासाठी वापरले जाणारे प्राणी आणि कीटक होते; पिठाची आणि धान्याची धूळही होती. ज्या दम्याला आजवर व्यक्तीची कमजोरी समजले जाई, तो या कायद्याने कामाचा परिणाम ठरला. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये प्राणी हाताळणाऱ्यांतील दम्याबद्दल इशारापत्रक काढले. त्यात सुमारे ३३ टक्के प्राणी-हाताळणाऱ्यांना ॲलर्जीची लक्षणे, तर सुमारे १० टक्क्यांना प्राण्यांमुळे दम्याची लक्षणे असल्याचे म्हटले होते. तीन माणसांत एकाला होणारा त्रास ही त्या एकेकट्या माणसाची खोट कशी म्हणता येईल?

मोजता आले म्हणून कमीही करता आले. १९९२ मध्ये गॉर्डन, न्यूमन टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की लाकडाच्या भुशाऐवजी मूत्र शोषून घेणारे पॅड पिंजऱ्याखाली ठेवले आणि एका खोलीतली उंदरांची संख्या कमी केली, तर हवेतील ॲलर्जीकारक प्रथिन बरेच घटते. खोलीतली हवा अगदी कोरडी न ठेवता थोडी दमट ठेवली तर धूळ कमी उडते. पिंजऱ्यांवर गाळणी बसवता येते, प्रत्येक पिंजऱ्याची हवा वेगळी बाहेर नेता येते, भुसा खेचून घेणाऱ्या टेबलावर पिंजरे रिकामे करता येतात. चांगला बसणारा मुखवटा, वेगळे कपडे आणि हातमोजे यांचा उपयोग होतोच. पण ते शेवटचे. आधी धूळ थांबवायची, मग माणसाला झाकायचे.

घरातला उंदीर

प्रयोगशाळेत जे कळले ते उंदीर पाळणाऱ्या घरालाही लागू पडते. बऱ्याच घरांत पिंजरा मुलाच्या झोपायच्या खोलीत असतो, म्हणजे रोज आठ-दहा तास तीच हवा. पिंजरा तिथून हलवणे हा पहिला उपाय. भुशाऐवजी शोषक कागद वापरावा. पिंजरा ओल्या फडक्याने आणि उघड्या हवेत साफ करावा. ज्याला त्रास आहे त्याने ते काम करू नये, दुसऱ्याने करावे. उंदराला हाताळल्यावर हात धुवावेत, कपडे बदलावेत. वयात आलेल्या नरापेक्षा मादीच्या मूत्रात हे प्रथिन कमी असते; पण कमी म्हणजे शून्य नव्हे, शिवाय इतर प्रथिनेही असतातच.

या उपायांनी नुसत्या शिंका आणि खाज आटोक्यात राहू शकते. छातीत घरघर, रात्रीचा खोकला किंवा धाप असेल तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवे. नुसत्या गोळ्या घेऊन दिवसेंदिवस त्याच हवेत राहिले तर दमा बळावू शकतो. अशा वेळी उंदीर दुसऱ्या चांगल्या घरी देणे हाच बहुधा योग्य मार्ग ठरतो. ज्या मुलाने त्याला वाढवले त्याला हा निर्णय जड जातो. त्याला 'तुझीच तब्येत नाजूक' असे ऐकवण्याऐवजी कारण समजावून सांगावे. प्राणी गेल्यावरही प्रथिन लगेच जात नाही, हेही सांगावे. मांजराच्या बाबतीत हे मोजलेले आहे. मांजर घरातून गेल्यावर धुळीतले तिचे प्रथिन बिनमांजराच्या घराइतके खाली यायला साधारण २० ते २४ आठवडे लागतात.

उंदीर हौसेने पाळणाऱ्यांचे एक झाले. पण न पाळता ज्यांच्या घरात उंदीर आहेत त्यांचे काय? अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत दमा असलेल्या मुलांचा अभ्यास झाला, त्याचे उंदरांविषयीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे एक-तृतीयांश घरांच्या धुळीत उंदराचे ॲलर्जीकारक प्रथिन सापडले, आणि सुमारे एक-पंचमांश मुलांच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिक्रिया तयार केलेली होती. या मुलांनी उंदीर पाळले नव्हते. पडक्या भिंती, उघडा कचरा, फुटके नळ यांनी ते घरात आणले होते. आपल्या जुन्या चाळी, झोपडवस्त्या, धान्याची कोठारे यांचे चित्र फार वेगळे नाही. उंदीर म्हटला की आपल्याला प्लेग आठवतो, लेप्टोस्पायरोसिस आठवतो. त्या यादीत दम्याची भर घालायला हवी.

वर्गासाठी

ब्लॅकली यांचा प्रयोग शाळेत सहज करता येतो. काचपट्टीवर व्हॅसलिनचा अगदी पातळ थर द्यावा आणि ती २४ तास उघड्यावर, पण पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवावी. एक मैदानाजवळ, एक वर्गात, एक फळ्याखाली, एक धान्य ठेवलेल्या खोलीत. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक चौकटीतले कण मोजावेत. महिनाभर आठवड्यातून एकदा केले तर आलेखही काढता येईल. झाडू मारण्याआधी आणि नंतर, कोरडा झाडू आणि ओले फडके, अशा तुलना मुले स्वतःच सुचवतील. त्वचेवर किंवा नाकात कोणताही पदार्थ लावून पाहण्याचा प्रयोग मात्र कधीही करू नये. ब्लॅकली यांनी स्वतःवर केला तो त्यांच्या जबाबदारीवर. गंभीर प्रतिक्रियेचा धोका आज आपल्याला माहीत आहे. ज्या मुलांना दमा आहे त्यांच्यावर झाडण्याचे काम सोपवू नये.

या मोजणीतून उंदराचे प्रथिन दिसणार नाही, त्याला वेगळी साधने लागतात. पण हवेत काहीतरी आहे, ते जागेनुसार आणि कामानुसार बदलते आणि आपण ते कमी करू शकतो, एवढे नक्की दिसेल.

ॲलर्जी व्हायला शरीराची घडण लागते, हे खरे. आयजीईचा शोध त्यासाठीच महत्त्वाचा. पण शरीराची घडण आपल्या हाती नसते. हवा पुष्कळशी आपल्या हाती असते. वर्गात एखादे मूल सारखे शिंकत असेल, तर त्याला मागच्या बाकावर पाठवण्याआधी ते कशापाशी बसले आहे हे एकदा पाहून घ्यावे.